ईस्टर नसलेला उपास

आमच्या पाचूबंदरात राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन माणसं देवळातून बाहेर पडली, की एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, "तू काय सोडलंस?" ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस प्रत्येकाने काहीतरी सोडायचं असतं. कोणी मटण सोडतं, कोणी चहातली साखर, पोरी मोबाइलवरच्या मालिका सोडतात. पुरुष बहुतेक दारू सोडतात आणि गावावर उपकार केल्यासारखे चेहरे करून फिरतात. रविवार उपासाच्या दिवसांत मोजत नाहीत, हे फादरांच्या प्रवचनातलं एकच वाक्य त्यांना तोंडपाठ असतं. सहा दिवस साधू, आणि सातव्या दिवशी मासळी तव्यावर पडायच्या आत बाटली उघडी. तरी मी त्यांना हसत नाही. त्यांना निदान रविवार असतो.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या बुधवारी मला कोणी हा प्रश्न विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मी व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आलो होतो. त्याआधी नऊ वर्षं मी गर्द ओढत होतो. बोटीवर इंजिन सांभाळायचं माझं काम होतं, ते कधीच गेलं होतं. आई गेली त्या दिवशी देवळात तिच्यासाठी मिस्सा चालू असताना मी मागच्या दाराने निसटलो आणि मातीला परत आलो तेव्हा लोक घरी निघाले होते. हे एवढंच सांगतो. बाकीच्या नऊ वर्षांत यापेक्षा वेगळं काही घडलं नाही.

घरात मी आणि माझी मोठी बहीण, एवढेच. आमच्यात मोठ्या बहिणीला बाय म्हणतात. बाय वसईतल्या एका दवाखान्यात नर्स आहे, म्हणजे तेव्हा होती. तिचं लग्न झालं नाही. त्याची कारणं बरीच, त्यातलं एक मी. तिच्या बरोबरीच्या नर्सेस एकेक करून आखातात गेल्या, तिकडून त्यांचे फोटो यायचे, आणि बाय ते मोठे करून करून बघायची. मस्कतच्या एका हॉस्पिटलातून तिला दोनदा बोलावणं आलं होतं. दोन्ही वेळा तिने नाही म्हणून कळवलं. पहिल्यांदा मी दोन दिवस बेपत्ता होतो, दुसऱ्यांदा केंद्रात. आता तिचं वय एक्केचाळीस झालं होतं, आणि या वयानंतर तिकडचे लोक फार काळ विचारत बसत नाहीत. मी सुधारलो तर ती जाणार, नाहीतर ती माझी राखण करत इथेच म्हातारी होणार, हे आम्हा दोघांनाही न बोलता माहीत होतं.

केंद्रातल्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं, की शरीर सुटलंय, मन सुटायचंय. मला ते वाक्य पुस्तकी वाटलं. शरीराची मागणी मी भोगली होती, हाडं कुटल्यासारखी दुखतात, अंथरूण भिजतं, आणि शेवटी ती ओसरते. मन त्याहून मोठं काय करणार, असं मला वाटलं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बायने देव्हाऱ्यापुढे मेणबत्ती लावायला लायटर पेटवला. गर्द चंदेरी कागदावर ठेवून खालून लायटरनेच तापवतात; नुसता तो आवाज झाला, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी खुर्चीची कड धरून बसलो आणि बाय प्रभूची प्रार्थना म्हणत राहिली.

लोकांना वाटतं की आम्हाला नशेतली मजा आठवते. मजा पहिल्या वर्षीच संपली होती. मला आठवायची ती शांतता. मिठागराच्या बांधावर दुपारी बसलेलो असायचो, समोर पाण्यावर ऊन, आणि माझं कोणाशी काही देणंघेणं नाही, आईची आठवण नाही, शरम नाही, उद्या नाही. तशी शांतता मला त्याआधी कधी मिळाली नव्हती आणि नंतरही मिळालेली नाही. मला तिची ओढ लागायची, परगावी लग्न होऊन गेलेल्या पोरीला माहेराची लागते तशी. हे ऐकून कोणाला राग आला तर येऊ दे. खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला.

पण हे तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. आमच्या घरात त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही असा अलिखित कायदा होता. एकदा मी नुसतं "बाय, आज जरा..." असं म्हणालो, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "नाव नको काढू रे," ती म्हणाली. नाव काढलं की ते दारात येऊन उभं राहील, असं तिला वाटत असावं. तिने घरातल्या सगळ्या चंदेरी कागदांची हकालपट्टी केली होती. चपात्या फडक्यात बांधायची, गोळ्यांची पाकिटंसुद्धा फोडून डबीत भरून ठेवायची. तिच्या त्या डोळ्यांत तेल घालून चाललेल्या पहाऱ्याचा मला कधी कधी भयंकर राग यायचा.

अशात उपासकाळ आला आणि सगळ्या गावाने माझं व्यसन आपल्या उपासाच्या रांगेत नेऊन बसवलं. आमच्या लोकांना सोडणं म्हणजे काय ते पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. चाळीस दिवस सोडायचं, दातओठ आवळून काढायचे आणि पार व्हायचं. मावशी, म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, मला म्हणाली, "चालीस दिस काडलंस ना, मंग झालं. मंग सैतानाचा बापूस आला तरी तुला कोन हात लावनार नाय." शेजारी पाठ थोपटायचे. दारू सोडलेले लोक मला आपल्यातलाच समजून विचारायचे, "किती रायले?" मीही सांगायचो, एकवीस, वीस, एकोणीस. दुसरं कोणी ही चूक केली असती की नाही कोण जाणे, पण आमच्याकडे ती कोणाला चूक वाटलीच नाही. मला तर अजिबात नाही. मला नऊ वर्षांत पहिल्यांदा गावात बसायला जागा मिळाली होती.

त्या दिवसांत मी मावशीकडे कामाला जायचो. तिचा बोंबील सुकवायचा धंदा. किनाऱ्यावर बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात, त्याला आम्ही वलांडी म्हणतो. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. बोंबलाचे दात बारीक आणि वाकडे, एकदा अडकले की वाऱ्यानेही सुटत नाहीत. पहिल्या आठवड्यात माझी बोटं सोलून निघाली आणि मावशीच्या हाताखालच्या बायका माझ्या जोड्या बघून हसल्या. माझी प्रत्येक चौथी जोडी वाळूत पडायची. मग हळूहळू जमलं. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला मी पहिल्या रांगेत असायचो. इतका शहाण्यासारखा वागत होतो, की आज त्याची आठवण झाली तरी अंगावर काटा येतो.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी बायने मला विचारलं, "सुटलं ना रे?" मी म्हणालो, "सुटलं." मस्कतची ती दुसऱ्या वेळची जागा अजून भरली नव्हती, दुसऱ्या दिवशी तिने एजंटमार्फत होकार कळवला. संध्याकाळी ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती. ती गुणगुणते हे मी विसरूनच गेलो होतो.

ईस्टरच्या दुपारी मावशीकडे जेवण होतं. तिने घरी केलेली काळ्या द्राक्षांची वाइन काढली, सगळ्यांना दिली आणि माझ्याही पुढे अर्धा पेला ठेवला. "घे रे, आज उपास सुटला," ती म्हणाली. बायने माझ्याकडे बघितलं. मी पेल्याला हात लावला नाही, आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. पण मावशीचं ते वाक्य मात्र मी घेतलं. उपास सुटला. गल्लीत बाटल्या उघडल्या होत्या, ज्याने त्याने जे सोडलं होतं ते त्याला परत मिळालं होतं, आणि माझ्या आत कोणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, मग माझं?

ईस्टरनंतरच्या सोमवारी भर दुपारी मी मिठागराच्या दिशेने चालत होतो. मी ठरवलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. रस्ता तोच होता, विकणारा माणूस बदलला होता, पण माल मिळाला. बांधावर बसलो. ऊन होतं, पाणी होतं. आणि जिच्यासाठी मी झुरलो होतो ती शांतता आली नाही. आली ती नुसती गुंगी, आणि त्या गुंगीतही मला बायचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मी तिथे रडलो.

बाय नर्स. दारातच तिने माझ्या डोळ्यांकडे बघितलं, बुबुळं टाचणीएवढी झालेली, आणि तिला सगळं कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला पाणी दिलं, जेवायला वाढलं आणि आतल्या खोलीत जाऊन मस्कतच्या एजंटला फोन केला. भिंत पातळ आहे आमची. "घरी अडचण आहे," एवढंच ती म्हणाली. मी समोरच्या भातावरून हात फिरवत बसलो होतो.

पुन्हा केंद्रात जायची वेळ आली नाही, कारण बायने मला दुसऱ्या दिवशी पापडीला नेलं. तिथे एका शाळेच्या वर्गात आठवड्यातून एकदा व्यसन सोडणाऱ्यांची बैठक भरते. बाकं लहान मुलांची, गुडघे हनुवटीला लागतात. तिथे एक म्हातारे गृहस्थ होते, कधीकाळी अट्टल दारू पिणारे, हातभट्टीवर जमीन घालवलेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मी माझी कर्मकथा सांगितली, चाळीस दिवस कसे काढले तेही जरा अभिमानाने सांगितलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "तू सोडलंच नव्हतंस रे. तू वाट बघत होतास."

मला इतका संताप आला की मी उठून निघालो. शाळेबाहेरच्या चिंचेखाली बाय रिक्षा थांबवून उभी होती. रिक्षात बसायच्या आत माझ्या लक्षात आलं, की म्हातारा खरं बोलला होता. मी एकवीस, वीस, एकोणीस मोजत होतो ते कशापर्यंत? मी परत आत गेलो आणि त्या बुटक्या बाकावर बसलो.

काकांनी मला काही जगावेगळं शिकवलं नाही. ते म्हणाले, दिवस मोजायचं बंद कर, आणि ओढ लागली की ती तोंडाने कोणाला तरी सांग, त्याच वेळी, त्याच शब्दांत. लपवलेली ओढ आत बसून वकिली करते, आणि तिच्यासारखा वकील सगळ्या वसई कोर्टात नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या बाईने माझ्या तोंडावर हात ठेवला होता तिला हे सांगायचं कसं? शेवटी काकांनीच तिला आत बोलावून समजावलं. ती मान खाली घालून ऐकत होती आणि पर्सचा बंद पिळत होती. "मला जमेल का ठाऊक नाय," ती म्हणाली. ती इतकं खरं बोलली म्हणून मला धीर आला.

पहिल्यांदा मी सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. "बाय, मला आत्ता हवंय." तिच्या हातातलं पातेलं निसटलं. ती वळली नाही, पण तिने नळ बंद केला. "खूप?" तिने विचारलं. "खूप." "कशानं आलं?" मी विचार केला. शेजारच्या घरात कोणीतरी साखर करपवली होती, तो वास, तापलेल्या गर्दसारखा. मी तसं सांगितलं, तर तिने उठून खिडकी लावली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. तिच्या हातांवरचा साबण वाळला. मग ते गेलं. येतं तसं जातंही, हे मला नऊ वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं, कारण ते जाईपर्यंत मी कधी थांबलोच नव्हतो.

पुढे मावशीच्या वलांडीवरही मी सांगायला लागलो. मावशीला आधी घाम फुटला, मग तिने त्याचा आपल्या पद्धतीने निकाल लावला. "आलंय काय? मंग ही दोरी भर आनि मंग मना सांग." दोरी भरून होईपर्यंत बहुतेक वेळा ते ओसरलेलं असायचं. नसलं तर ती दुसरी दोरी दाखवायची. त्या हंगामात तिच्या बायकांत सगळ्यात जास्त बोंबील मी टांगले, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही, कारण त्यावरून माझे दिवस कसे गेले ते कळतं.

पुढच्या राखेच्या बुधवारी एका शेजाऱ्याने मला विचारलं, "यंदा काय सोडलंस?" मी म्हणालो, "काही नाही." त्याला वाटलं मी देवाधर्मातून गेलो. मावशीने तर जीभ चावली. पण मला त्या चाळीस दिवसांत पाय ठेवायचा नव्हता. लोक दिवस मोजायला लागले की मी उठून समुद्रावर जायचो. त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. त्यांची बाटली कुठेतरी कपाटात त्यांची वाट बघत होती, आणि माझी वाट बघणारं कुठे काही असू नये, हे मला रोज नव्याने कबूल करावं लागत होतं.

त्याच दिवसांत मस्कतहून तिसऱ्यांदा बोलावणं आलं. तिथे असलेल्या एका मैत्रिणीने शब्द टाकला होता. बायने दोन दिवस मला सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर निघताना, चप्पल घालता घालता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मी जाऊ काय रे?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. जा, मी बरा आहे. एवढं म्हटलं असतं तर ती गेली असती. आणि तिने जावं यासाठी मी काहीही केलं असतं, तिची कमावती वर्षं मी खाल्ली होती. पण मागच्या वर्षी तिने मला असंच विचारलं होतं आणि मी एका शब्दात उत्तर दिलं होतं. मी म्हणालो, "आज पहाटेसुद्धा मला हवं होतं. उद्याही लागेल. ते जाईल असं मला वाटत नाय."

ती चप्पल हातात घेऊन तशीच उभी राहिली. मला वाटलं, संपलं, मी माझ्याच तोंडाने तिचा रस्ता बंद केला. मग ती खाली बसली, चप्पल घातली आणि म्हणाली, "मंग जाते मी. सुटलं म्हनाला असतास तर नसते गेले." ड्यूटीला उशीर झाला होता म्हणून ती जवळजवळ पळतच गल्लीच्या टोकाला गेली. मी दारात उभा राहून किती वेळ तिच्या पाठीकडे बघत होतो कोण जाणे.

ती गेली त्याला आता जवळजवळ वर्ष होईल. घर एवढं मोठं आहे हे मला माहीत नव्हतं. तिची खुर्ची मी हलवलेली नाही. गर्दची ओढ अजून येते, पूर्वीइतक्या वेळा नाही, पण येते. त्यावर मला आता काय करायचं ते कळतं. बायची ओढ लागते तेव्हा मात्र मी नवशिका असतो. ती कोणत्या दोरीवर टांगायची ते मावशीलाही ठाऊक नाही. संध्याकाळी ड्यूटीवरून यायच्या तिच्या वेळेला अजून माझे कान गल्लीकडे असतात.

तिच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ती फोन करते. पहिला प्रश्न ठरलेला, "आज हाय काय?" आणि मी खरं सांगतो. असेल तर ती फोन चालू ठेवून तिकडे आपले कपडे घड्या घालत बसते, नसेल तर आम्ही गावच्या उखाळ्यापाखाळ्या काढतो. गेल्या आठवड्यातही तिने विचारलं. मी म्हणालो, "नाय, आज नाय. तुझं काय?"

"मी बरी आहे," बाय म्हणाली. "इथं सगळं छान आहे. काही त्रास नाही."

इतकं भरभर आणि इतकं शुद्ध बोलली ती. हा आवाज मला चांगला ओळखीचा होता. नऊ वर्षं मी तो तिला ऐकवला होता, तसाच गुळगुळीत, तसाच समोरच्याला पटकन वाटेला लावणारा. मी घरातला पंखा बंद केला, म्हणजे मला नीट ऐकू यावं.

"बाय," मी म्हणालो, "खूप?"

पलीकडे तिने श्वास घेतला, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदा ती माझ्यापुढे हमसून हमसून रडायला लागली. घरी यायचंय रे, म्हणत राहिली, घरी यायचंय. मी तिला उगी म्हणालो नाही. भिंतीला टेकून जमिनीवर बसलो, आणि ती थांबेपर्यंत फोन ठेवला नाही.